‘बोलणे’ मोजले, ‘म्हणणे’ राहिले

मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातील कनिष्ठ न्यायालयांत अर्जावर एक ठरावीक शेरा पडतो: विरुद्ध पक्षाने आपला ‘से’ द्यावा. मग से दाखल होतो, सेसाठी तारीख पडते, से न आल्यास एकतर्फी हुकूम होतो. सावंतवाडीपासून पेडणे-डिचोलीपर्यंत आम्हां वकिलांच्या तोंडी हा शब्द इतका रुळला आहे की त्यात काही विशेष आहे हे जाणवतही नाही. परंतु इंग्लंडातील वकिलाला तो ऐकवला तर अर्थबोध होणार नाही. त्याच्याकडे उत्तर असते, प्रतिज्ञापत्र असते, हरकत असते; ‘से’ नावाचा कागद नसतो. नसणारच, कारण माझ्या मते तो कागद जन्माने मराठी आहे. ‘म्हणणे’ या आपल्या नामाला कोण्या कारकुनाने इंग्रजी टोपी घातली, एवढेच. गोव्यातील न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. पण त्या इंग्रजीच्या पोटात हा मराठी शब्द ठाण मांडून बसला आहे.

या क्रियापदाविषयी सविस्तर लिहावयाचे कारण निव्वळ शब्दकौतुक नव्हे. गोव्यातील मराठीविषयी गेली कित्येक दशके जो वाद चालला आहे, तो एका चुकीच्या क्रियापदावर घसरला आहे, असे माझे प्रतिपादन आहे. त्या वादात ‘तुम्ही घरी काय बोलता?’ हा एकच प्रश्न विचारला गेला. ‘तुम्ही काय म्हणता?’ हे कोणी विचारलेच नाही. हे दोन प्रश्न निराळे आहेत हे मराठी भाषेला शेकडो वर्षे ठाऊक आहे. शिरगणतीला ते ठाऊक नाही, आणि शिरगणतीचे आकडे हातात घेऊन बोलणाऱ्यांना ठाऊक करून घ्यावयाचे नाही.

‘म्हणणे’चे मूळ संस्कृत ‘भण्’ या धातूत आहे. प्राकृतात ‘भणइ’. जुन्या मराठीत ‘भणणे’ आणि ‘म्हणणे’ दोन्ही. महानुभावांच्या गद्यात ‘भणितलें’ आणि ‘म्हणितलें’ ही रूपे शेजारी-शेजारी नांदताना दिसतात. पुढे ‘भ’ मागे पडला. पाठोपाठ येणाऱ्या अनुनासिक ‘ण’च्या ओढीने ‘भ’चा ‘म’ झाला आणि त्यातला महाप्राण ‘ह’च्या रूपाने शिल्लक उरला. ‘म्हणितलें’ आखडून ‘म्हटले’ झाले. त्यामुळे या क्रियापदाला आज दोन भूतकाळ आहेत: ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने म्हटले’. परभाषकाला मराठी शिकवणाऱ्या कोणालाही विचारा. येथे विद्यार्थी हमखास अडखळतो.

या धातूचे गणगोत पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. ‘भण्’ म्हणजे नुसते तोंड उघडून बोलणे नव्हे. ठरलेला, जपलेला, पाठ असलेला शब्द उच्चारणे, हा अर्थ त्याला फार पूर्वीच चिकटला आहे. बौद्ध परंपरेत सूत्रे मुखोद्गत ठेवून त्यांचे पठण करणाऱ्या भिक्षूला ‘भाणक’ म्हणत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभलेखात सोपाऱ्याच्या अशाच एका भाणकाची नोंद आहे. म्हणजे आपल्या सह्याद्रीत हा शब्द दगडावर कोरला गेला त्याला सुमारे २,००० वर्षे होत आली. सिंहली भाषेत धर्मप्रवचनाला आजही ‘बण’ म्हणतात. संस्कृत नाट्यशास्त्रातील एकपात्री प्रकार ‘भाण’, तोही याच घरचा. बंगालीत कवितेच्या शेवटी कवी आपले नाव गुंफतो त्या ओळीला ‘भणिता’ हे नाव आहे, आणि आपल्याकडे तुकोबांच्या नाममुद्रेत नावापुढे येणारे ‘म्हणे’ हे त्याच धातूचे मराठी रूप. गुजरातीत तर ‘भणवुं’ म्हणजे शिकणे, आणि ‘भणेलो’ म्हणजे सुशिक्षित. पाठ म्हणता म्हणता माणूस शिकतो, हा प्रवास त्या एका शब्दात मुरला आहे.

मराठीने हा वारसा टाकलेला नाही. आपण आरती म्हणतो, पाढे म्हणतो, मंगलाष्टके म्हणतो, आणि ‘एखादे गाणे म्हणा’ असा आग्रह करतो. यांतले काहीही आपण ‘बोलत’ नाही. ज्याला नाव देतो त्यालाही ‘म्हणतो’: आईच्या भावाला मामा म्हणतात. मनातल्या मनातही म्हणतो: ‘म्हटले, जरा डोकावून जावे’ असे सांगत शेजारी येतो, तेव्हा त्याने वाटेत कोणाशी संभाषण केलेले नसते. आणि माणूस स्वतःला काही ‘म्हणवतो’. या प्रयोजक रूपाकडे लक्ष द्यावे. मराठी बोलणारा आणि स्वतःला मराठी म्हणवणारा, हे दोघे एकच असतील असे नाही. पहिल्याची नोंद कान करतो, दुसऱ्याची त्याची त्यानेच करावयाची असते.

साक्षीपुराव्याच्या कायद्यात मुरलेल्या माणसाला आणखी एका रूपाचे अप्रूप वाटावे. ‘तो म्हणे गाव सोडून गेला.’ येथले ‘म्हणे’ कर्त्याशी जुळत नाही, वाक्याचे क्रियापदही नाही. ते एक बिल्ला आहे: ही माहिती माझी नाही, ऐकीव आहे, जबाबदारी माझ्यावर नको. १८७२च्या पुरावा कायद्याने कलम ६०मध्ये तोंडी पुरावा प्रत्यक्षच असला पाहिजे असे सांगितले, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तेच सूत्र पुढे चालवले. मराठी साक्षीदार शपथेवर खोटे बोलेलही, पण ‘म्हणे’ उच्चारून गेला की स्वतःच आपल्या साक्षीची किंमत सांगून जातो. उलटतपासणीत मी या दोन अक्षरांची वाट पाहत असतो.

आता ‘बोलणे’. हा शब्द प्राकृतातील ‘बोल्ल’वरून आला. १२व्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात ‘कथ्’ धातूच्या जागी लोक जे देशी शब्द वापरतात त्यांत ‘बोल्ल’ नोंदवला आहे. म्हणजे एकाच्या मागे पाठशाळा, दुसऱ्याच्या मागे बाजार. मराठीने दोघांना घरात घेतले आणि कामे वाटून दिली. वाणीचा व्यवहार ‘बोलणे’कडे, त्या वाणीतील आशय ‘म्हणणे’कडे. मुका माणूस बोलत नाही, पण त्याचे काही म्हणणे असते. बडबड्या तासभर बोलतो आणि त्याचे म्हणणे काय ते कळत नाही. ‘मी त्याला बोललो’ याचा अर्थ मी त्याला रागे भरलो. मुंबईच्या वाऱ्याने हल्ली ‘मी त्याला बोललो की उद्या ये’ असे सर्रास ऐकू येते. ही हिंदी ‘बोला’ची सावली आहे, आणि तिच्याखाली मराठीतला एक मोलाचा भेद कोमेजत चालला आहे. आमच्या सीमाभागात तो अद्याप टिकून आहे, याचे मला समाधान वाटते. (दूरचित्रवाणीवरील मालिका पाहता किती काळ टिकेल, हा प्रश्न वेगळा.)

येथे कोकणीकडे वळले पाहिजे, कारण प्रतिपक्ष तेथेच उभा आहे. कोकणीत बोलण्याला ‘उलोवप’ म्हणतात; मराठी ‘बोलणे’शी त्याचा संबंध नाही. परंतु म्हणण्याला ‘म्हणप’. ‘भ’चा ‘म्ह’ झालेले तेच रूप. गुजरातीत ‘भ’ शाबूत राहिला, मराठी-कोकणीत तो एकाच रीतीने बदलला. भाषाशास्त्रात जुन्या ठेव्यापेक्षा अशा समाईक बदलाला नात्याचा पुरावा म्हणून अधिक वजन असते. सत्तरीच्या कडेने, पेडण्याच्या वाड्यांतून, तेरेखोलपलीकडे मालवणपर्यंत चालत जा. ‘तो म्हणता’ हे रूप वाटेत कोठेही परके वाटणार नाही. तेरेखोलचे पाणी ओलांडताना क्रियापद बदलत नाही, परवान्याचा कागद बदलतो. कानडी शेजाऱ्याची छापही दोघींवर सारखीच आहे: बेळगाव-कारवारच्या वाचकांना ठाऊक असलेले कानडी ‘अंदरे’ म्हणजे ‘असे म्हटले तर’, कोकणी ‘म्हणल्यार’ अगदी त्याच घडणीचे, आणि आपले ‘म्हणजे’ त्याच कामावर रुजू झालेले.

यावरून कोकणी ही मराठीची बोली ठरते काय? मुळीच नाही, आणि महाराष्ट्रातील जे मित्र व्यासपीठावरून तसे ठणकावतात ते आमचे कामच बिघडवतात. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९९२ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तो प्रश्न मिटला. कोकणीच्या स्वतंत्र अस्तित्वासाठी आयुष्य वेचणारे शणै गोंयबाब १८७७ साली जन्मले ते डिचोलीत, आमच्याच मातीत. त्यांचा अभिमान वाटण्यासाठी कोणाची परवानगी लागू नये. माझा वाद कोकणीशी नाही. कोकणी बोलतो म्हणून मराठी म्हणण्याचा हक्क गेला, या तर्काशी आहे.

या तर्काला गोव्याच्या इतिहासातूनच उत्तर मिळते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू सासष्टीत वावरला. लोकांशी बोलता यावे म्हणून त्याने तेथल्या बोलभाषेचे व्याकरण लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापले गेले. आणि लोकांनी चर्चमध्ये म्हणावे म्हणून ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले; ते १६१६ साली निघाले, आणि ते मराठीत आहे. दोन्ही भाषा पुरत्या जाणणाऱ्या या परदेशी माणसाने बोलण्यासाठी एक आणि म्हणण्यासाठी दुसरी भाषा घेतली. त्याला राजकारणात मत द्यावयाचे नव्हते. त्याने समोर जे पाहिले तेच केले.

सासष्टी ही जुनी काबिजाद. पेडणे आणि डिचोली या नव्या काबिजादी. पेडणे तर १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले. तेव्हा तेथील रयतेचे रीतिरिवाज, वारसा, दत्तक यांचे म्हणणे कोणत्या भाषेत नोंदवायचे, हा प्रश्न पोर्तुगीजांपुढे उभा राहिला. फिलिप नेरी शाव्हियेर यांनी १८६१ साली पणजीत छापून काढलेली नव्या काबिजादींतील रहिवाशांच्या रूढींची संहिता पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन भाषांत आहे. लिस्बनशी इमान राखणाऱ्या परकीय सरकारला जे दिसले, ते स्वतंत्र भारतात दिसेनासे व्हावे, याला काय म्हणावे? पेडणे तालुक्यात विर्नोड्याला शासकीय महाविद्यालय आहे. त्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आहे. सोहिरोबांची रचना मराठीत आहे. सरकारने पाटीवर नाव कोरताना त्यांची भाषा गोव्याबाहेरची मानलेली दिसत नाही.

आजही भजनी सप्ताहात टाळ हाती घेतलेला माणूस वाटेत शेजाऱ्याशी आपल्या बोलीत उलयतो आणि मंडपात शिरल्यावर अभंग मराठीत म्हणतो. त्याला यात काही द्वैत वाटत नाही. ते वाटते सभागृहात बसलेल्यांना. एक बारकावा मात्र नोंदवतो: देवापुढचे गाऱ्हाणे बोलीत असते, आणि तेथे क्रियापद ‘म्हणणे’ नाही; गाऱ्हाणे ‘घालतात’. लोकभाषेची वाटणी किती काटेकोर असते पाहा.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. मंत्र संस्कृतात म्हणतो म्हणून संस्कृतला राज्यभाषा करावी काय? आक्षेप चतुर आहे, पण टिकत नाही. मंत्र भटजी म्हणतात आणि यजमान पाणी सोडतो. अर्थावाचून त्याचे अडत नाही. अभंगाचा अर्थ पारावर बसलेला शेतकरी सांगतो, त्यावर हुज्जत घालतो. ज्या भाषेत माणूस वर्तमानपत्र वाचतो, नाटक बसवतो, लग्नपत्रिका छापतो, पतसंस्थेच्या सभेत ठराव मांडतो आणि मृत्युपत्राचा कच्चा मसुदा लिहून वकिलाकडे आणतो, ती त्याची उसनी भाषा नव्हे. गेली २५ हून अधिक वर्षे माझ्या मेजावर येणारे असे मसुदे बहुतेक मराठीत असतात. ते देणारा ‘आमी घरात कोकणी उलयतांव’ हेही सांगतो. दोन्ही खरे असते.

आता कायदा. घटनेच्या अनुच्छेद ३४५ने राज्याच्या विधानमंडळाला राज्यात ‘वापरात असलेल्या’ एका किंवा अनेक भाषा शासकीय कामासाठी स्वीकारण्याचा अधिकार दिला आहे. त्याच प्रकरणातील अनुच्छेद ३४७मध्ये मात्र लोकसंख्येच्या एखाद्या भागाकडून ‘बोलल्या जाणाऱ्या’ भाषेचा विषय आहे. घटनाकारांनी दोन ठिकाणी दोन शब्द योजले, आणि कायद्याच्या अन्वयार्थाचा साधा नियम असा की शब्द वेगळा तर हेतू वेगळा. वापरात असणे हे बोलले जाण्याहून व्यापक आहे. शिरगणतीने मात्र मातृभाषेची व्याख्या बालपणी आई ज्या भाषेत मुलाशी बोलत होती ती, अशी करून ठेवली. त्या व्याख्येनुसार २०११ साली गोव्यात कोकणी ६६.११ टक्के आणि मराठी १०.८९ टक्के भरली. आकडे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. आईच्या बोलण्याविषयीच्या प्रश्नाचे ते खरे उत्तर आहे. परंतु मराठी वाचणारा, लिहिणारा, म्हणणारा किती, या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते पुढे करणे ही लबाडी आहे.

१९८७चा राजभाषा कायदा याहून शहाणा होता. त्याने देवनागरीतील कोकणी राजभाषा केली आणि त्याच तिसऱ्या कलमात मराठीही सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामांसाठी वापरली जाईल असे लिहून ठेवले. त्या तडजोडीत रोमी लिपीत प्रार्थना म्हणणारा सासष्टीचा ख्रिस्ती कोकणीभाषक बाहेर राहिला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच्या म्हणण्याला ज्या न्यायाने जागा हवी, त्याच न्यायाने आमच्या. पुढे २०११ साली प्राथमिक स्तरावर इंग्रजी माध्यमाला अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हा कोकणीवादी आणि मराठीवादी भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या एका व्यासपीठावर बसलेले गोव्याने पाहिले. तेव्हा कोणी कोणाला घरची भाषा विचारली नाही.

कायद्यात जे लिहिले ते खिडकीवर उतरत नाही, हे दुखणे आहे. माझ्या एका पक्षकाराने जमिनीच्या फेरफाराबाबतचा मराठी अर्ज एका कचेरीत दिला. खिडकीवरील तरुणाने तो वाचला, मराठीतच ‘इंग्रजीत आणा’ असे सांगितले आणि परत केला. अर्जात काय आहे ते त्याला पूर्ण कळले होते. त्याने नाकारले ते बोलणे नव्हे, म्हणणे. डिचोलीत खाणी आहेत, पेडण्यात मोपाचा विमानतळ झाला आहे. या दोन तालुक्यांत जमिनीविषयी, पाण्याविषयी, धुळीविषयी सामान्य माणसाला सरकारपुढे आपले म्हणणे मांडण्याची पाळी वारंवार येते. १४ सप्टेंबर २००६च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो, आणि सुनावणीचे इतिवृत्त उपस्थितांना स्थानिक भाषेत समजावून सांगावे लागते. डिचोलीच्या शेतकऱ्याची स्थानिक भाषा कोणती, हे ठरवताना तो काय बोलतो एवढेच पाहणार, की तो काय वाचतो आणि कशात लिहितो हेही? दोनशे पानांच्या अहवालावर हरकत बोलून होत नाही, लिहावी लागते.

अलीकडच्या आणि पलीकडच्या माझ्या मराठी वाचकांनी घोषणांत शक्ती घालवण्यापेक्षा एक करावे. घटनेचा अनुच्छेद ३५० प्रत्येकाला, आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी, संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे निवेदन देण्याचा हक्क देतो. हा हक्क कोल्हापुरात जितका आहे तितकाच पेडण्यात आहे, आणि बेळगाव-निपाणीतही. अर्ज मराठीत लिहावा. विषयाच्या ओळीखाली ‘भारतीय संविधान, अनुच्छेद ३५० अन्वये’ असे लिहावे. गोव्यात असाल तर ‘व राजभाषा अधिनियम १९८७, कलम ३’ एवढे जोडावे. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच मागावी. अर्ज घेण्यास नकार मिळाला तर वाद न घालता नकाराचे कारण लेखी मागावे, आणि तेही मिळाले नाही तर त्याच दिवशी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. ज्यांना असा नकार मिळाला असेल त्यांनी अर्जाची व पावतीची छायाप्रत माझ्याकडे धाडावी. पुरेशा जमल्या की त्या एकत्र जोडून उच्च न्यायालयात याचिका करता येईल, आणि मग सरकारला नोटीस निघून त्याला आपला ‘से’ द्यावा लागेल.